जिभेवरची रेती

रेतीचा ट्रक आमच्या गल्लीत शिरला, की मिस्त्री आधी चपला काढायचे. मागच्या चाकावर पाय देऊन वर चढायचे, रेतीत कोपरापर्यंत हात खुपसायचे आणि खोल आतली एक चिमूट काढून जिभेवर ठेवायचे. डोळे मिटलेले. खाली ट्रकवाला पावतीपुस्तक घेऊन उभा, शेजारी त्यांच्या हाताखालची सोमी रिकामं घमेलं कमरेला टेकवून उभी, दारात मी. कुणी बोलायचं नाही. मग मिस्त्री तोंड वळवून थुंकायचे, पंच्याच्या टोकाने ओठ पुसायचे आणि निकाल द्यायचे. निकाल दोनच होते. "गोडी हाय. टाक खाली." किंवा, "खारी हाय. परत ने."

दुसरा निकाल ऐकला की ट्रकवाल्यांचं डोकं फिरायचं. एकाने तर स्वतः चिमूटभर तोंडात टाकली आणि म्हणाला, "मला तर काहीच लागत नाही." मिस्त्री चाकावरून उतरता उतरता म्हणाले, "तू गुटखा खातोस. तुला तुज्या बायकोच्या हातचा जेवान वलखू येत नसंल, रेती कशी वलखशील?" सोमी तोंडावर पदर घेऊन हसली. ट्रक परत गेला आणि आमचं काम चार दिवस लांबलं.

तुम्ही कधी घर दुरुस्त करून घेतलं असेल, तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. चांगला गवंडी मिळणं हे मुलीला चांगलं स्थळ मिळण्यापेक्षा अवघड आहे. स्थळाची निदान चौकशी तरी करता येते. जुन्या पनवेलमधलं आमचं हे बैठं घर माझ्या वडिलांनी बांधलं. विटांचं, वर स्लॅब, पुढे अंगण म्हणण्याइतकी जागा. वडिलांना मी एकटीच, म्हणून ते माझ्याकडे आलं आणि त्याच्याबरोबर त्याचं दुखणंही आलं. ते बांधलं तेव्हा खाडीची रेती हाताशी होती, ती सगळ्यांनीच वापरली. त्या रेतीतलं मीठ भिंतीत राहिलं. हळूहळू ते बाहेर येतं, भिंतीवर पांढरी पिठी धरते, रंगाला फोड येतात, प्लास्टर सुटतं, आणि शेवटी नखाने खरवडलं तरी विटेचा भुगा पडतो. याला आमच्याकडे लोणा म्हणतात. माणसाला मधुमेह लागतो तसा घराला लोणा लागतो. पथ्याने सांभाळायचा, बरा होत नाही.

या लोण्यावर इलाज करायला किती जण येऊन गेले. एकाने यंत्रातून भिंतीवर तांबडी रेघ पाडली, "मॅडम, लेव्हल एकदम परफेक्ट आहे," असं सांगितलं आणि रेघ विझवून गेला तो गेलाच. एकाने कसलंसं केमिकल फासून दहा वर्षांची हमी दिली. दहा महिन्यांत ते केमिकल कागदासारखं सोलून निघालं, तेव्हा फोनवर म्हणाला, हमी केमिकलची होती, भिंतीची नव्हती. एक जण अजून रोज सकाळी मला फुलांचं चित्र आणि सुप्रभात पाठवतो. यायचं मात्र त्याला दोन वर्षांत जमलेलं नाही. दर वेळी शाळेतून लवकर निघायचं, घरी येऊन वाट बघायची, चहाचं आधण ठेवायचं आणि उतरवायचं. मी कंटाळले होते. भिंतीपेक्षा भिंतीबद्दल बोलण्याचा कंटाळा जास्त होता.

मिस्त्री मला शाळेच्या कुंपणाच्या भिंतीशी सापडले. ते सांध्यांत सिमेंटचा माल भरत होते, आणि पोरं त्यांच्याभोवती गोळा झाली होती, कारण ते विटांशी बोलायचे. "सरक जरा. अंग चोरू नको." मी घरची भिंत बघायला बोलावलं, तर दुसऱ्या दिवशी सांगितलेल्या वेळी दारात हजर. मी चकितच झाले. गव्हाण गावचे होते, साठी ओलांडलेले, काटक, कानावर पेन्सिल. भिंतीकडे न बघता त्यांनी आधी प्यायला पाणी मागितलं, एक घोट घोळवला आणि विचारलं, "बोरिंगचा ना? पी तू खुशाल, पन भितीला यो पानी दाखवू नको."

पहिल्याच भेटीत त्यांनी मला बाय म्हटलं आणि अगंतुगं केलं. मी त्यांना शेवटपर्यंत मिस्त्रीच म्हणत राहिले.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. तेव्हा त्यांनी पहिला ट्रक परत पाठवला, तो मी सहज सोडला नाही. त्या रेतीतली मूठभर मी मागून ठेवली होती. संध्याकाळी ती शुद्ध पाण्यात ढवळली, गाळली आणि त्या पाण्यात शाळेतून आणलेल्या सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. पाण्यात मीठ असेल तर ते दुधासारखं पांढरं होतं. झालं. दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींना पुन्हा तो प्रयोग करून दाखवला. त्यांनी परीक्षानळी उजेडात धरली, हलवली.

"यो कसला दूध?"

"मीठ आहे. तुमचं बरोबर होतं."

"मंग माजी जीब खरी हाय, ह्ये तुला बाटलीनं सांगितला?" त्यांनी नळी परत दिली. "बाटली चांगली हाय. पन तिला पोटाला लागत नाय, म्हनून ती कदी बी खरा बोलंल."

तेव्हा मला हा नुसता विनोद वाटला होता.

त्यानंतर मी ती बाटली कपाटात ठेवून दिली. पुढच्या काही वर्षांत त्यांनी आमचा कठडा केला, न्हाणीघराची भिंत केली. आलेली प्रत्येक रेती त्यांनी चाखली आणि मी कधी तपासली नाही. विटांचं खातं सोमीकडे होतं. सोमी डोंगराकडच्या कातकरी वाडीतली, अर्धं आयुष्य वीटभट्टीवर गेलेलं. ती दोन विटा एकमेकींवर आपटून कानाने ठरवायची. पडलेल्या आवाजाची वीट ती न बोलता बाजूला टाकायची, आणि ती वीट मिस्त्रीसुद्धा परत उचलायचे नाहीत. "इटंचा ती, रेतीचा मी," ते सांगायचे. "मदी तिसरा कोन घुसला का भिंत पडली."

जीभ त्यांना बापाकडून आली होती. बाप मिठागरात काम करायचा. वाफ्यातलं पाणी तळहातावर घेऊन चाखायचा आणि मीठ कधी धरेल ते सांगायचा. पोरालाही चाखायला लावायचा. मग मिठागरं गेली, तिथे रस्ते आले, गोदामं आली. पोरगा थापी घेऊन गवंड्याच्या हाताखाली लागला. "बापानं मीठ पिकवला," मिस्त्री प्लास्टर खरवडताना म्हणायचे, "आनि मी लोकांच्या भितीतना काढतंय. एकाच मिठाचा दोगांनी खाल्ला."

घाई केलेली त्यांना चालत नसे. उघडी केलेली भिंत वाळायला म्हणून ते पंधरा पंधरा दिवस तशीच सोडून जायचे. माझा नवरा द्रोणागिरीच्या एका गोदामात नोकरीला आहे. सकाळी अंधारात जातो, थकून येतो. घरात भुगा, ताटात भुगा, गादीवर भुगा. तो वैतागायचा. मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं असे, "मीठ थांबतंय मालक. मानूसच थांबत नाय."

त्याचं वैतागणं मला कळत होतं. आजूबाजूची बैठी घरं एकेक करून पडली, इमारती उभ्या राहिल्या, आणि आमच्याकडेही बिल्डरची माणसं येऊन बसायला लागली. त्यातच पश्चिमेकडची भिंत, खाटेमागची, जमिनीपासून छातीपर्यंत उठली. रंग फुगला, प्लास्टरचे पापुद्रे पडायला लागले. नवऱ्याने मिस्त्रींना बोलावून माझ्यासमोर सांगितलं, "मिस्त्री, ही शेवटची. मला आता होत नाही. परत लोणा आला, तर घर बिल्डरला देऊन टाकणार." माझ्याकडे बघून म्हणाला, "चालेल ना?" मी हो म्हटलं. काय म्हणणार होते? मिस्त्रींनी भिंतीवरून तळवा फिरवला आणि म्हणाले, "नाय येनार."

हे साथीनंतरचं वर्ष. मिस्त्रींनाही ताप येऊन गेला होता. ते बरेच वाळले होते, आणि मधल्या काळात कामंही गेली होती. एरवी त्यांना दूरदूरचे लोक फक्त रेती चाखायला न्यायचे, पूजेला गुरुजी न्यावेत तसे. त्या वर्षी आमच्याकडे आले तेव्हा म्हणाले, "बरा झाला तू बोलावलास. घरी बसून मानूस गंजतो."

आता चहाची गोष्ट सांगते, कारण सगळं तिथेच आहे. नवऱ्याला मधुमेह. आमच्याकडे एक चहा बिनसाखरेचा होतो आणि मिस्त्री यायचे तेव्हा दुसरा तीन चमचे साखरेचा. त्यांना कमी साखर कळायची, म्हणायचे, "बाय, आज हात आखडलास." त्या सकाळी माझ्याकडून कपांची अदलाबदल झाली. आतून नवरा ओरडला, "हा पाक कुणाचा आहे?" मी धावत बाहेर आले. मिस्त्री अर्धा कप संपवून पायरीवर निवांत बसले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी मान हलवली. "झ्याक झालाय चाय."

मी तिथेच उभी राहिले. बाजूला सोमी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं.

तासाभराने रेतीचा ट्रक आला. मिस्त्रींनी चपला काढल्या. चाकावर चढले, हात खुपसला, चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटले. थुंकले, ओठ पुसले.

"गोडी हाय. टाक खाली."

बाटली कपाटात होती. मला दहा मिनिटं लागली असती. पण इतक्या वर्षांच्या माणसासमोर परीक्षानळी घेऊन उभं राहायचं? ट्रकवाल्यासमोर, सोमीसमोर? त्यांना काय वाटेल? असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते काही खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं. मी दमले होते. दहावीचे पेपर तपासायचे पडले होते, नवरा आठ दिवस नीट बोलला नव्हता, आणि हा ट्रक परत गेला असता तर भिंत आणखी पंधरा दिवस उघडी राहिली असती. दमलेल्या माणसाला चांगुलपणाचं निमित्त लगेच सापडतं. रेती खाली पडली, सोमीने माल कालवला, आणि आठवडाभरात भिंत सुरेख उभी राहिली.

मिस्त्रींची एक रीत होती. केलेल्या प्रत्येक भिंतीला ते तिचा पहिला पावसाळा सरल्यावर भेटायला यायचे. बोलवायला लागायचं नाही. दिवाळीच्या आसपास हवा कोरडी होते, आणि भिंतीच्या पोटात जे असेल ते तेव्हा बाहेर येतं. माझ्या भिंतीच्या पोटात काय आहे, ते त्यांच्या येण्याआधी आठवडाभर मला दिसलं होतं. खाटेच्या मागे हातभर जागेत पांढरी पिठी. मी दोन दिवस ती फडक्याने पुसली. ती पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी नवरा कामावर गेल्यावर मी लोखंडी कपाट एकटीने ढकलत नेऊन त्या जागेपुढे लावलं. पन्नाशीच्या बाईने, मुलांना खरेपणावर निबंध लिहायला लावणाऱ्या शाळेतल्या बाईने.

मिस्त्री आले ते रविवारी. नवरा घरीच होता, पुढच्या खोलीत पेपर वाचत. मिस्त्री भिंतीशी गेले आणि थांबले.

"कपाट हिकडं कवा आला?"

मी म्हटलं, "असंच. जागा होत नव्हती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खांदा लावून कपाट सरकवलं. पिठीवरून बोट फिरवलं, जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. मी त्यांचा चेहरा बघत होते. काहीतरी लागतंय का, याची ते वाट बघत होते. फार वेळ बघत होते. मग डोळे उघडून हळू आवाजात म्हणाले, "बाय, तुजा दूध कर."

मी बाटली काढली. चिमूटभर पिठी शुद्ध पाण्यात ढवळून गाळली. दोन थेंब पडले आणि पाणी पांढरं झालं. मिस्त्रींनी नळी उजेडात धरली, पहिल्या वेळी धरली होती तशीच. मग जमिनीवर बसले.

"तापात गेली," ते म्हणाले. "सगल्यांची गेली, सगल्यांची परत आली. माजी नाय आली. मना वाटला, आज येल, उद्या येल. घरी कोनाला बोल्लो नाय. मना लोक जिबेसाठी बोलावतात, बाय. थापी काय, कोनी बी मारतो."

तेव्हा मी सांगून टाकलं. बिनसाखरेच्या चहाचं, कपांच्या अदलाबदलीचं. त्या दिवशीच मला कळलं होतं हे.

त्यांनी मान वर केली. इतक्या वर्षांत त्यांचा राग मी पहिल्यांदा पाहिला. "तुला म्हाईत होता? मंग बोल्ली का नाय?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मना वाईट वाटू नये म्हनून तू भितीला मीठ खायला घातलास?"

मला रडू आलं. त्यांना ते बघून आणखी राग आला असावा, कारण ते उठून बाहेरच्या खोलीत गेले आणि नवऱ्यापुढे उभे राहिले. "मालक, लोना आलाय. माजी चूक हाय. मी भिंत परत करतो, माज्या हातानं. एक पावसाला थांबा. मंग कोनाला द्यायचा त्याला घर द्या."

नवऱ्याने पेपर खाली ठेवला. मी दारात डोळे पुसत उभी, माझ्या हातात नळी. त्याला काय कळलं आणि काय नाही, कोण जाणे. त्याने मिस्त्रींकडे पाहिलं. मग म्हणाला, "आधी बसा. चहा घ्या." आणि मला म्हणाला, "साखर घालून दे गं त्यांना."

मिस्त्री एकदम हसले. "टाक टाक. ग्वाड लागला तर सांगतो तुला."

त्यांनी भिंत पुन्हा केली. छातीपर्यंतचं प्लास्टर स्वतः छिन्नीने काढलं. सोमीने मदतीला हात घातला की तिला बाजूला व्हायला सांगायचे. तासाला दोनदा टेकायचे, पण छिन्नी कुणाला दिली नाही. विटांचे सांधे बोट जाईल इतके खोल खरवडले. कुजलेल्या विटा काढल्या आणि सोमीने वाजवून दिलेल्या बसवल्या. कोरड्या ब्रशने मीठ झाडलं, गोड्या पाण्याने धुतलं, वाळू दिलं, पुन्हा झाडलं. महिनाभर आम्ही त्या भुग्यात झोपलो. नवरा एका शब्दाने बोलला नाही. ते वैतागण्यापेक्षा अवघड होतं.

रेती आली तेव्हा मिस्त्री चाकाशी गेले, आणि मला म्हणाले, "चपला काढ."

"मी?"

"मंग काय सोमी? तिच्याकडं इटा हायेत."

साडीचा ओचा सावरून मी ट्रकच्या चाकावर चढले. समोरच्या इमारतीच्या तीन बाल्कन्या भरल्या. त्यांतल्या एकीत माझा माजी विद्यार्थी होता. "वरवरची नको. हात घाल खोल," मिस्त्री खालून सांगत होते. "शेंड्यावर नको ठेवू, कडेला ठेव. दातानं चावू नको. आता गप. तिला बोलू दे."

मी डोळे मिटले. कचकच, मातीचा वास, लोखंडाचा वास, आणि मग फार मागून काहीतरी आलं.

"थोडी खारी वाटतेय," मी म्हटलं, "पण तशी..."

"पन नाय!" ते ओरडले. "पन बोल्लीस का मीठ घरात आला. खारी का गोडी?"

"खारी."

"मंग त्याला सांग. मना काय सांगतेस?"

मी ट्रकवाल्याला सांगितलं, पण इतक्या हळू की त्याला ऐकूच गेलं नाही. मिस्त्रींनाच मोठ्याने सांगावं लागलं. मग आम्ही आत जाऊन बाटलीशी पडताळून पाहिलं. पांढरं झालं. त्यांनी माझ्या पाठीवर सिमेंटचा हात ठेवला. ती साडी मी अजून टाकलेली नाही.

दुसरा ट्रकही खारा निघाला. तिसरा गोडा होता. भिंत झाली, पावसाळा गेला, दिवाळी आली. मिस्त्री भेटायला आले, भिंतीवरून तळवा फिरवला, आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी बोट फिरवून जिभेवर ठेवलं. काही नव्हतं. नवऱ्याने विचारलं, "काय?" मी म्हटलं, "काही नाही." तो बरं म्हणाला आणि बिल्डरच्या माणसाने ठेवलेला कागद त्याने खणात टाकला. फाडला नाही, खणात टाकला. अजून तिथेच आहे.

त्यानंतर दोन वर्षं मिस्त्री मधूनमधून फोन करायचे. "बाय, हिकडं एक गाडी आली हाय. येशील?" शाळा सुटल्यावर मी जायचे. ते सगळ्यांना उघड सांगायचे, "माजी जीब गेली. ही माजी जीब." लोक आधी हसायचे. मी सांगायचे ते त्यांनाच, हळूच, आणि ते मोठ्याने निकाल द्यायचे. ट्रकवाल्याच्या तोंडावर परत ने म्हणणं मला कधी जमलं नाही. "तू बोल ना," ते चिडायचे. "मी काय जल्मभर हाय?"

नव्हतेच. या उन्हाळ्यात एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मला फोन आला तेव्हा मी वर्गात होते. गव्हाणला गेले, तेव्हा त्यांना अंगणात ठेवलं होतं. शेजारीच नव्या खोलीचा पाया होता, त्यांनीच घातलेला. चारी कोपऱ्यांना खुंट्या, त्यांना सुतळी ताणलेली. येणारे जाणारे ती सुतळी वाकून ओलांडत होते. कुणी ती सोडली नव्हती. मला खूप वाईट वाटलं, आणि खरं सांगते, त्यांचा थोडा रागही आला. इतकं शिकवून ठेवायचं आणि मग निघून जायचं.

त्यांचं कार्य झाल्यावर तिसऱ्या रविवारी त्यांच्या मुलाचा फोन आला. "बाय, रेतीची गाडी आली हाय. बाबा बोल्लेले, मास्तरीनबायनं चाखल्याबिगर खाली टाकायची नाय." नवऱ्याने न विचारता गाडी काढली आणि मला मागे बसवून नेलं.

अंगणात सगळे उभे होते. मिस्त्रींची बायको उंबऱ्यात, डोक्यावरून पदर. मुलगा. त्याने लावलेला नवा गवंडी, कानाला फोन. सोमी, घमेलं कमरेला. मुलगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "गाडी लई मुश्किलीनं मिलाली, बाय. पावसाच्या आदी खोली झाली पायजेल. आईला बाबांची खोली पुरी झालेली बघायची हाय." नवा गवंडी म्हणाला, "धुतलेली रेती आहे मॅडम. आजकाल कोण चाखतं?"

मी चपला काढल्या. चाकावर चढले, कोपरापर्यंत हात घातला, चिमूट काढली, जिभेच्या कडेला ठेवली. डोळे मिटले. आधी कचकच. मग माती. मग ते आलं, फार थोडं, पण आलं.

डोळे उघडले तर उंबऱ्यातून मिस्त्रींची बायको माझ्याकडे बघत होती. तेरावा होऊन महिनाही झाला नव्हता. थोडीशीच होती. कुणाला कळलं नसतं. घशाशी 'पण' आला होता.

मी तोंड वळवून थुंकले, पदराने ओठ पुसले आणि ट्रकवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "खारी आहे. परत ने."

 मुलाने आईकडे पाहिलं, मग मान खाली घातली. ट्रकवाला पुटपुटत वर चढला. मी अनवाणी बाजूला होऊन उभी राहिले. सोमीने घमेलं खाली ठेवलं, माझ्या चपला चाकापासून उचलून खोलीच्या पायाच्या सुतळीपलीकडे ठेवल्या, आणि ट्रकवाल्याने गाडी मागे घेतली.